इंग्रजी शब्दसंग्रह वाढवताय? मग या चुका टाळा

कर्नाटकात मराठी माध्यमातून एसएसएलसी, म्हणजे दहावी, झालेली मुलं पीयूसी सायन्सला, म्हणजे अकरावी-बारावीला जातात आणि पहिल्याच आठवड्यात फिजिक्सचं पुस्तक त्यांच्या अंगावर येतं. सरांनी समजावलं तर धडा कळतो, पण घरी पुस्तक उघडलं की तिसऱ्या ओळीवर गाडी अडते. खानापूर असो, निपाणी असो, नाहीतर बेळगाव तालुक्यातली खेडी, सगळीकडची तऱ्हा एकच. मग कुणीतरी सल्ला देतं, "व्होकॅब्युलरी वाढव." दुसऱ्या दिवशीपासून दोनशे पानी वहीत शब्दांची रांग लागते आणि महिनाभरात ती वही कपाटात जाते.

संध्याकाळच्या वर्गात मी अशा वह्या वर्षानुवर्षं तपासतोय. मुलं आळशी नाहीत. कॉलेज करून, बस पकडून, भुकेल्या पोटी वर्गाला येतात. एवढी मेहनत चुकीच्या पद्धतीपायी वाया जाताना बघवत नाही, म्हणून हे लिहितोय. ज्यांना साधी वाक्यं जमतात, बातमी अर्धीमुर्धी कळते, पण पुढं सरकता येत नाही, अशा मधल्या पायरीवरच्यांसाठी हे आहे. युरोपीय मोजपट्टीत या पायरीला बी-१ आणि बी-२ म्हणतात.

तीन रकान्यांची वही

ही खास आपल्या सीमाभागातली चूक. पहिल्या रकान्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात कन्नड, तिसऱ्यात मराठी. घरात मराठी, बसची पाटी कन्नड, कार्यालयातला फॉर्म कन्नड, कॉलेजचं पुस्तक इंग्रजी. कानावर तीन भाषा पडतात हे आपलं बळच आहे. पण एका शब्दासमोर एक शब्द मांडत गेलात की तेच बळ पायात येतं.

खानापूरकडची एक मुलगी वर्गाला यायची. अक्षर मोत्यासारखं, वही नीटनेटकी, एक दिवस चुकवायची नाही. बेरोजगारीवरच्या निबंधात तिनं लिहिलं, "द गव्हर्नमेंट शुड गिव्ह इंडस्ट्री टू एव्हरी यंग पर्सन." सरकारनं प्रत्येक तरुणाला कारखाना द्यावा? मी विचारलं तर म्हणाली, "सर, तसं नाही, नोकरी द्यावी असं लिहिलंय." मग वही मागवली आणि सगळा उलगडा झाला. मोबाइलवरच्या कन्नड शब्दकोशात एम्प्लॉयमेंट या शब्दाला अर्थ होता उद्योग. तो बरोबरच आहे, कन्नडमध्ये उद्योग म्हणजे काम, नोकरी. आपल्याकडं ज्याला रोजगार हमी म्हणतात, त्याची कन्नड पाटी 'उद्योग खात्री योजने' अशी असते आणि ती तिनं ग्रामपंचायतीत लहानपणापासून वाचलेली. शब्द ओळखीचा वाटला, म्हणून मराठीच्या रकान्यातही उद्योगच आला. निबंध लिहिताना डोक्यात आला मराठीतला उद्योग, आणि त्याची इंग्रजी झाली इंडस्ट्री.

वहीत पुढं गेलो तर आणखी नमुने. हेस्ट, म्हणजे घाई. कन्नडमध्ये घाईला अवसर म्हणतात. मराठीत अवसर म्हणजे संधी. तेव्हा तिच्या वहीत हेस्ट म्हणजे संधी झाली होती, आणि एका वाक्यात कॉलेजनं तिला 'गुड हेस्ट' दिली होती. सस्पिशनच्या पुढं अनुमान. कन्नडमध्ये अनुमान म्हणजे संशय, मराठीत तर्कानं काढलेला निष्कर्ष. पुढच्या वर्षी प्रॅक्टिकलच्या वहीत तिनं आलेखावरून 'सस्पिशन' काढलं असतं.

यात तिची बुद्धी कुठं कमी पडली? कुठंच नाही. प्रत्येक पायरीवर शब्दकोशानं तिला खरंच सांगितलं होतं. रकान्यांनी घात केला.

माझा उपाय सोपा आहे, पण मुलांना तो सुरुवातीला आवडत नाही. रकाने पुसायचे. शब्दाखाली त्याची इंग्रजीतलीच सोपी व्याख्या लिहायची, जे शब्द आधीपासून येतात त्यांच्यातच. एम्प्लॉयमेंट: वर्क दॅट यू आर पेड टू डू. इंडस्ट्री: मेकिंग थिंग्ज इन फॅक्टरीज. आता या दोघांची गल्लत करून दाखवा.

"सर, इंग्रजी कळत नाही म्हणून तर शब्दकोश उघडला, तो पण इंग्रजीतच?" हा प्रश्न दर वर्षी येतो. त्याचं उत्तर शिकणाऱ्यांच्या शब्दकोशांनी कधीच देऊन ठेवलंय. हॉर्नबी नावाचे एक शिक्षक जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे. परक्या भाषेतून येणाऱ्या विद्यार्थ्याला नेमकं कुठं अडतं हे बघून त्यांनी शब्दकोश रचला, तो 1942 साली टोकियोत छापला गेला, आणि पुढं तोच ऑक्सफर्डचा विद्यार्थी शब्दकोश झाला. 1978 साली लाँगमननं काढलेल्या शब्दकोशात तर सगळ्या व्याख्या सुमारे 2000 सोप्या शब्दांत बसवल्या. ते 2000 शब्द म्हणजे गो, मेक, पीपल, प्लेस असलेच. दहावी झालेल्या मुलाला त्यातले बहुतेक येतात. 1987 च्या कोबिल्ड शब्दकोशात व्याख्याच पूर्ण वाक्यात असते, अनेकदा इफ यू अशी सुरुवात करून. नवशिक्याला मी तोच उघडायला सांगतो, कारण व्याख्येतच शब्द वापरून दाखवलेला असतो.

मराठी अर्थ अजिबात नको असं मी म्हणत नाही. टॅमरिंडला चिंच लिहा आणि मोकळे व्हा, झाडा-फळांच्या व्याख्या कशाला पाठ करायच्या? पण क्रियापदं आणि न दिसणाऱ्या गोष्टींची नावं, म्हणजे अस्यूम, अव्हॉइड, इन्फ्लुअन्स, एव्हिडन्स, यांना एकच एक प्रतिशब्द पुरत नाही.

वाक्याशिवाय शब्द

व्याख्या लिहिली तरी काम अर्धंच होतं. दुसरं अर्धं म्हणजे स्वतःचं वाक्य, आणि तिथंच सगळे टाळाटाळ करतात. "वाक्य नंतर लिहितो सर, आधी शब्द संपवतो." शब्द कधी संपत नाहीत आणि वाक्य कधी येत नाही.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लागलेला मुलगा माझ्याकडं यायचा. रिफ्यूज म्हणजे नाकारणे, डिनाय म्हणजे नाकारणे, एवढं त्याला पाठ होतं. एकदा कामावरचं व्हर्निअर कॅलिपर, म्हणजे मापं घ्यायचं साधन, हरवलं आणि पाळीवरच्या सगळ्यांकडून लेखी खुलासा मागवला. यानं चोरी केली नव्हती आणि तेवढंच त्याला सांगायचं होतं. त्यानं लिहिलं, "आय रिफ्यूज्ड टू टेक द व्हर्निअर." साहेबांनी कागद वाचून त्याला बोलावलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुला घे म्हणून कुणी सांगितलं होतं?" कारण त्या वाक्याचा अर्थच तसा होतो: कुणीतरी घ्यायला सांगितलं आणि मी तयार झालो नाही. बिचाऱ्याला काही सुचेना. एका शब्दापायी पोरावर आणि त्याच्या सोबत्यांवर नको ते बालंट आलं. शेवटी वस्तू दुसऱ्या पाळीतल्या कपाटात सापडली, पण त्या दोन दिवसांत त्याची झोप उडाली होती.

रिफ्यूज म्हणजे 'टू से यू विल नॉट डू समथिंग'. डिनाय म्हणजे 'टू से समथिंग इज नॉट ट्रू'. पहिल्याच्या मागं काम असतं, दुसऱ्याच्या मागं आरोप. शिवाय रिफ्यूजपुढं 'टू टेक' चालतं, डिनायपुढं 'टेकिंग' लागतं. ही जोडणी मराठी प्रतिशब्दात कधीच दिसणार नाही. तिला वाक्यच लागतं.

आणि वाक्य कसलं? "राम इज अ गुड बॉय" छापाचं नको. माझा नियम असा, की वाक्यात ओळखीचं माणूस किंवा ओळखीची जागा हवी आणि ते खरं असावं. "आय अव्हॉइड गोइंग टू गणपत गल्ली बिफोर दिवाळी." बेळगावच्या त्या बाजारातली गर्दी आठवते, शब्द आठवतो, आणि अव्हॉइडनंतर गोइंग येतं हेही आपोआप बसतं. "माय अंकल रिफ्यूज्ड टू सेल हिज फील्ड." असं वाक्य लिहिणारी मुलगी तो शब्द आयुष्यभर विसरणार नाही, कारण त्या शेतावरून घरात काय झालं होतं हे तिला माहीत आहे. शब्दकोशातलं वाक्य आधी बघावं, त्याचा सांगाडा घ्यावा, आणि माणसं आपली घालावीत. पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं उतरवणं म्हणजे अक्षर सुधारण्याचा सराव, त्यात इंग्रजी नाही.

कुठले शब्द घ्यायचे

मोबाइलवर फिरणाऱ्या 'हजार ॲडव्हान्स्ड शब्द' छाप पीडीएफ कृपा करून पुसून टाका. ज्याला रिक्वायर आणि अक्वायर यातला फरक सांगता येत नाही, त्यानं लोक्वेशस आणि एफिमेरल पाठ करून काय मिळवलं? मायकेल वेस्ट यांनी 1953 साली रोजच्या वापरातल्या सुमारे 2000 शब्दांची यादी केली. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली कॉलेजच्या पुस्तकांत सगळ्या विषयांत पुन्हापुन्हा येणाऱ्या 570 शब्दकुळांची, म्हणजे एका मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांच्या गटांची, यादी केली. पीयूसी आणि पुढं इंजिनिअरिंगला जाणाऱ्यानं दुसरी यादी समोर ठेवावी. ॲनलाइज, अस्यूम, डिराइव्ह, इंडिकेट, सिग्निफिकंट, व्हेरी हे शब्द त्यात आहेत आणि तुमच्या फिजिक्सच्या पानापानावरही आहेत. यातला व्हेरी म्हणजे बदलणे, स्पेलिंगमध्ये ए असलेला. 'खूप' वाला व्हेरी वेगळा. अस्यूम म्हणजे पुरावा नसताना खरं धरून चालणं. "अस्यूम दॅट द सरफेस इज फ्रिक्शनलेस" हे वाक्य एकदा कळलं की निम्मी गणितं वाचता येतात.

शब्द रोज पाचच घ्या. पन्नास घेणारे मला दर जूनमध्ये भेटतात आणि दसऱ्यापर्यंत दिसेनासे होतात.

आधीच येतात असं वाटणारे शब्द

आपण मराठी बोलताना जे इंग्रजी शब्द वापरतो, ते जास्त फसवतात, कारण ते कुणी शब्दकोशात बघतच नाही. "आजी सिरियस आहे" असं आपण म्हणतो, म्हणून रजेच्या अर्जात "माय ग्रँडमदर इज सिरियस" लिहिलं जातं. वाचणाऱ्याला वाटतं, आजी गंभीर स्वभावाची आहे. तिथं 'सिरियसली इल' हवं. गाडीचं ॲव्हरेज इंग्रजीत मायलेज असतं. "आय ॲम बोअरिंग" म्हणजे माझा कंटाळा लोकांना येतो. मला कंटाळा आलाय असं म्हणायचं तर 'बोअर्ड'. घरात रोज कानावर पडणारे असे दहा शब्द काढा आणि त्यांच्या इंग्रजी व्याख्या एकदा वाचा. फार उपयोग होतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. दिसायला सारखे शब्द एकाच दिवशी शिकू नका. कॉन्फिडंट आणि कॉन्फिडेन्शियल एकत्र पाठ करणारा मुलाखतीत स्वतःला 'कॉन्फिडेन्शियल पर्सन' म्हणवून येतो, म्हणजे गोपनीय माणूस. एक पक्का होऊ द्या, दुसरा पुढच्या आठवड्यात. शब्द नुसता डोळ्यांनी वाचू नका, शब्दकोशातल्या स्पीकरच्या चिन्हावर दाबून ऐका आणि मोठ्यानं म्हणा. मोबाइलच्या खेळात सलग किती दिवस झाले हा आकडा मिरवू नका, चार पर्यायांतून उत्तर ओळखता येणं आणि रिकाम्या कागदावर वाक्य लिहिता येणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

"सर, पाठ करालोय, पण ध्यानात ऱ्हाईना," ही तक्रार सगळ्यांची. एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं स्वतःवर प्रयोग करून 1885 साली दाखवून दिलं की पाठ केलेलं सर्वांत वेगानं निसटतं ते पहिल्या काही तासांत, पुढं तो वेग मंदावतो. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री शंभर शब्द उजळण्यात अर्थ नाही. माझे विद्यार्थी समासात तारखा घालतात: दुसरा दिवस, चौथा दिवस, पुढचा रविवार, महिन्यानंतर. त्या दिवशी व्याख्या हातानं झाकायची, शब्द बघून ती तोंडी सांगायची, आणि जुनं वाक्य न बघता नवीन वाक्य लिहायचं. अडलं तर तारखा पुन्हा पहिल्यापासून. दहा मिनिटांचं काम आहे, सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या बसस्थानकावर, बसची वाट बघतानासुद्धा होतं.

मोबाइलवर शब्दकोश घेताना नावात 'लर्नर्स' हा शब्द आहे का तेवढं बघा. लर्नर्स नसलेल्या मोठ्या शब्दकोशात एका अवघड शब्दाला तीन अवघड शब्दांनी समजावलेलं असतं, आणि मग मुलं पुन्हा रकाने आखायला बसतात. उद्या सुरुवात करणार असाल तर नवीन वही आणू नका. फिजिक्सच्या चालू धड्यातले पाच अडलेले शब्द घ्या, अडलेलं वाक्य पेन्सिलीनं अधोरेखित करा, आणि वाक्यं लिहून झाली की तोच धडा पुन्हा वाचा.