एसीतून पाणी टपकतंय? एसीवाल्याला फोन करायच्या आधी हे बघा

आम्ही ऐरोलीत राहतो, खाडीच्या बाजूला, म्हणजे जुलैत टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाही अशी हवा. मागच्या पावसाळ्यात इनडोअर युनिटमधून भिंतीवर ओघळ सुरू झाले, आईने खाली टोप ठेवला, आणि एसीवाला आला तो कव्हर न उघडताच म्हणाला, गॅस भरावा लागेल. गॅस पूर्ण होता हो, तुंबला होता पाईप.

मुळात एसी जन्मालाच आला तो दमटपणामुळे. १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात हवेतल्या ओलाव्याने कागद फुगायचा-आकसायचा आणि रंगावर रंग नीट बसायचा नाही, तर विलिस कॅरियर या इंजिनिअरने त्यावर उपाय म्हणून सिस्टीम डिझाइन केली. माणसांचा नंबर नंतर लागला :)

आतल्या कॉइलमध्ये, म्हणजे वळवलेल्या पाईपमध्ये, गॅस खोलीतली उष्णता घेतो, बाहेरच्या युनिटमधला कॉम्प्रेसर त्याला दाबून बाहेरच्या कॉइलमध्ये ढकलतो, तिथे तो उष्णता सोडून द्रव होतो आणि परत आत येतो. आतली कॉइल गार, म्हणून हवेतली वाफ तिच्यावर थेंब होऊन बसते, थंड पाण्याच्या ग्लासला बाहेरून घाम येतो ना, तेच. हे पाणी खालच्या ट्रेमध्ये आणि तिथून ड्रेन पाईपने बाहेर.

आता काम. आधी एमसीबी (विजेच्या बोर्डावरचा एसीचा मेन स्विच) बंद, नुसता रिमोट नाही. पुढचं झाकण उचला, जाळ्या काढा, नळाखाली धुवा, सावलीत पूर्ण वाळवा. जाळी धुळीने भरली की कॉइलवरून हवा कमी जाते, बर्फ धरतो, आणि एसी बंद केल्यावर तोच वितळून अंगावर. कॉइलच्या पातळ पात्यांना ब्रशने घासू नका, वाकतात.

मग बाहेर जाऊन ड्रेन पाईपचं टोक बघा. आमच्याकडे बादली भरून टोक पाण्यात बुडलं होतं, त्यामुळे पाणी उलटं थांबत होतं, वर आत बुळबुळीत शेवाळासारखा गाळ. टोक मोकळं ठेवा, पाईपला पूर्ण उतार हवा, मध्ये झोळ नको. ओला-सुका व्हॅक्यूम क्लीनर असेल तर बाहेरच्या टोकाला लावून गाळ ओढून घ्या, मग ट्रेमध्ये जपून पेलाभर पाणी ओता, खाली धार आली की झालं.

जाळी स्वच्छ आहे तरी बर्फ धरतोय? मग मात्र बोलवा एसीवाल्याला, गॅस कमी असू शकतो. पण गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, बंद पाईपात फिरत राहतो, कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे, तेव्हा आधी लीक दाखव, ते बंद कर, मग भर, असं स्पष्ट सांगायचं, दरवर्षी टॉप-अपचे पैसे द्यायचे नाहीत.