४५४ बसवताना ऑइल चेंबर अडला, त्याची गोष्ट

शेव्हेलमध्ये (शेवरलेची जुनी अमेरिकन गाडी) ३५० घनइंचाचं इंजिन काढून ४५४ घनइंचाचं बिग-ब्लॉक, म्हणजे मोठ्या ब्लॉकचं इंजिन, घालताना माझं सगळं लक्ष माउंट (इंजिन ज्यावर बसतं ते आधार) आणि रेडिएटरकडे होतं. इंजिन हळूहळू खाली सोडत होतो. माउंट जुळायला दोन बोटं बाकी असताना ‘टक्’ असा आवाज आला. टॉर्च घेऊन खाली शिरलो, तर इंजिनखालचा तेलाचा चेंबर क्रॉसमेंबरवर, म्हणजे सांगाड्याच्या आडव्या पट्टीवर, टेकलेला. तेल जास्त मावावं म्हणून मी मोठा चेंबर घेतला होता आणि त्याचा खोल भाग फार पुढे आलेला होता.

इंजिन परत वर घेतलं. या गाडीला खोलगा मागच्या बाजूला असलेलाच चेंबर लागतो. नवा घेण्याआधी ब्लॉक कुठल्या पिढीचा ते पक्कं केलं, कारण १९९१ पासूनच्या बिग-ब्लॉकला मागचं मेन सील (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाशी तेल अडवणारं) एकसंध आहे आणि त्याआधीच्या मार्क फोर पिढीचा चेंबर त्यावर बसत नाही. माझा जुना, दोन तुकड्यांच्या सीलचा.

खरा वेळ पिकअपने, म्हणजे चेंबरमधून पंपाकडे तेल नेणाऱ्या जाळीच्या नळीने, खाल्ला. पिकअप चेंबरच्या खोलीप्रमाणेच हवा, जुना तसाच ठेवू नका. जाळीवर मातीचा गोळा चिकटवला, गॅस्केटसह चेंबर लावून काढला आणि दबलेली माती मोजली: ८ मिमी. जाळी आणि चेंबरच्या तळात साधारण ६ ते १० मिमी अंतर चालतं. कमी असेल तर तेल ओढलं जात नाही, जास्त असेल तर वळणावर पंप हवा खेचतो.

शेवटी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून सेंटर लिंक (स्टिअरिंगचा मधला दांडा) कुठे घासत नाही ना, ते हात घालून पाहिलं. बोटभर जागा सुटली होती.