दारोदार माल विकताय? आधी हे बघून घ्या

डोक्यावर टोपली किंवा सायकलवर माल घेऊन गल्लोगल्ली फिरणाराही 2014 च्या केंद्राच्या फेरीवाला कायद्यात येतो, फक्त फुटपाथवर बसणाराच नाही, त्यामुळे पालिकेच्या पथविक्रेता सर्व्हेत नाव टाकून विक्री प्रमाणपत्र मागा आणि ते जवळ ठेवा. पालिकेने माल उचललाच तर आधी त्यांच्याकडून वस्तूंची यादी सही करून घ्या, नंतर भांडा! ठरलेली फी भरून मागणी केली की भाजी-फळं त्याच दिवशी आणि बाकीचा माल दोन वर्किंग डेजमध्ये परत द्यावा लागतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

डायरेक्ट सेलिंग (दुकानाऐवजी एजंटमार्फत थेट ग्राहकाला माल विकणाऱ्या) कंपनीचं काम करत असाल तर 2021 चे नियम वेगळे, ओळखपत्र आणि आधी घेतलेली वेळ किंवा परवानगी नसेल तर कुणाच्या घरी जायचंच नाही (दुपारी झोपेत बेल वाजवणाऱ्यांना हे कुणीतरी सांगा राव).

आणि भीक मागायला परमिट वगैरे काही नसतं, महाराष्ट्रात 1959 चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे आणि सिग्नलवर पेनं विकायचं निमित्त करून पैसे मागितले तरी तो लागू शकतो.