फिरती सॉ मिल घेण्याआधी ओंडके मोजा

फिरत्या सॉ मिलच्या, म्हणजे गावोगाव नेता येणाऱ्या लाकूड कापायच्या यंत्राच्या, कॅटलॉगात इंजिनाचे हॉर्सपॉवर सर्वांत ठळक छापलेले असतात. घेणाऱ्याने तो कॅटलॉग बाजूला ठेवून आधी टेप हातात घ्यावी.

त्याच्याही आधी परवाना. चाके लावली म्हणून ती सॉ मिल नाही, असे होत नाही. जंगलतोडीविषयीच्या गोदावर्मन प्रकरणात १९९६ पासून सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना सॉ मिलवर टाच आणली. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार नव्या सॉ मिलला राज्यस्तरीय समितीची मंजुरी लागते. मशीन गावोगाव नेऊन चालवणार असाल, तर परवाना जागेपुरता आहे की कसे, हे वन खात्याला लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत ॲडव्हान्स देऊ नका. गिऱ्हाइकाकडूनही गोव्याच्या १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखालची झाड तोडण्याची परवानगी पाहिल्याशिवाय ओंडक्याला पाते लावू नका.

आता टेप. गोव्यातल्या सत्तरी, फोंडा, सांगे भागातल्या कुळागरांतून, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांतून, मुख्यतः फणस, आंबा, सागवान, किंदळ, माट्टी आणि पडलेले माड येतात. ओंडक्याची गोलाई मोजून ३.१४ ने भागा: ७५ इंच गोलाई म्हणजे सुमारे २४ इंच व्यास. असे वीसेक ओंडके वहीत उतरवा आणि दहापैकी नऊ मावतील एवढेच मशीन घ्या. दहावा, म्हणजे जुन्या आंब्याचा अवाढव्य बुंधा, चेनसॉने मधोमध उभा चिरून दोन तुकड्यांत चढवता येतो. त्या एका बुंध्यासाठी मोठे मशीन घेतले, तर ते कुळागराच्या पाणंदीतून आत शिरायचेच नाही.

विक्रेता ‘२८ इंची मशीन’ म्हणतो तेव्हा तीन आकडे वेगवेगळे विचारा: किती व्यासाचा ओंडका आत जातो, दोन गाईड रोलरमध्ये, म्हणजे पात्याला दोन्ही बाजूंना आधार देणाऱ्या चाकांमध्ये, किती रुंद फळी निघते, आणि पात्याच्या वर किती इंच मोकळी जागा आहे. २८ इंची मशीनवर फळी बावीसच इंची निघते, असेही होते. डायनिंग टेबलासाठी अखंड फळी मागणारे गिऱ्हाईक हवे असेल, तर दुसरा आकडाच तुमचा धंदा ठरवतो.

प्रकार तीन. चेनसॉ मिल स्वस्त आणि खांद्यावरून नेण्याजोगी, पण दर कापाला ८-९ मिमी लाकूड भुशात जाते. गोल करवतीच्या फिरत्या मिलमध्ये ५-६ मिमी जाते. बँड सॉमध्ये, म्हणजे पट्ट्यासारख्या फिरत्या पात्याच्या मिलमध्ये, साधारण २ ते २.५ मिमी. दहा काप घेतले, तर बँडमध्ये एक इंची जेमतेम एक फळी वाया जाते, गोल करवतीत दोन किंवा जरा जास्त. फणस-सागवानासारख्या महाग लाकडासाठी छोट्या धंद्याला बँडच परवडतो.

बँडची खरी किंमत पात्यांत असते. सव्वा ते दीड इंच रुंदीची निदान दहा पाती, धार लावायचे यंत्र आणि दातांना सेट द्यायचे, म्हणजे ते आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवायचे, साधन, हे सगळे मशीनच्या बजेटातच धरा. फणस-आंब्याला १० अंश पुढे झुकलेले दात चालतात; किंदळ, माट्टीसारख्या टणक लाकडाला ४ ते ७ अंश. माडाची बाहेरची बाजू टणक आणि वाळूसारखी झिजवणारी असल्याने साधे पाते लवकर बोथटते. माडाचे काम नेहमीचे असेल, तर कार्बाइड टोकांची पाती घ्या. पावसात ओढत आणलेल्या ओंडक्याच्या सालीत तांबडी माती भरलेली असते. साल काढा, नाहीतर धुवून घ्या. रस्त्याकडेच्या आंब्यात बॅनरचे खिळे हमखास सापडतात, तेव्हा हाताने फिरवायचा मेटल डिटेक्टर पहिल्याच वाचलेल्या पात्यात अर्धा वसूल होतो.

आठ फूट लांब, दोन फूट व्यासाचा ओला फणस ६०० किलोच्या पुढे भरतो. हायड्रॉलिक नसेल तर रॅम्प, विंच आणि ओंडका फिरवायचे हुक हवेतच. दोन माणसांच्या पाठीवर भरवसा ठेवू नका.

इंजिनाचे थोडक्यात: रोज २० इंची फणस कापायला पेट्रोलचे १४ हॉर्सपॉवर पुरतात, टणक लाकडाला २० घ्या. वीज स्वस्त पडते, पण थ्री-फेज प्रत्येक कुळागरात मिळेलच असे नाही.

पैसे देण्याआधी आपलाच ओंडका नेऊन चाचणी घ्या. बारा इंच रुंद, आठ फूट लांब, एक इंच जाडीची फळी काढायला लावा आणि दोन्ही कडांवर पाच-पाच ठिकाणी व्हर्नियरने जाडी मोजा. दीड मिमीच्या आत फरक असेल तर ठीक. फळी लाटेसारखी वरखाली झाली, तर पाते बोथट आहे, ताण कमी आहे किंवा ओंडक्यावर जबरदस्तीने ढकलले आहे. नवे पाते लावून, ताण वाढवून, सावकाश पुन्हा कापायला सांगा. लाट गेली तर तो दोष मशीनचा नव्हता. जाडी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ कमी होत गेली, तर पाते ज्यावरून सरकते तो ट्रॅक लेव्हलमध्ये नसू शकतो: तो दुरुस्त होतो. पण एक कड नेहमीच जाड राहत असेल आणि गाईड रोलर जुळवूनही सुटत नसेल, तर सांगाडाच वाकलेला असू शकतो. ते मशीन तिथेच सोडा.