बोन्सायसाठी माती कशी तयार करावी

कापूस आणि केळीला मानवणारी खानदेशची काळी माती बोन्सायच्या ट्रेमध्ये भरू नये. ओली झाली की ती फुगून हवा अडवते, वाळली की भेगाळून बारीक मुळं तोडते. शिवाय कुठल्याही कुंडीत तळाशी थोडं पाणी अडकून राहतंच. खोल कुंडीत ते मुळांपासून लांब असतं, ७ सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये मुळं त्यातच बसतात आणि कुजतात.

मिश्रणाचा मुख्य भाग विटांचे तुकडे. वीट पक्की भाजलेली हवी. एक तुकडा रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी बोटांनी चोळा. कडा झिजून पाणी गढूळ झालं तर ती वीट कच्ची, ट्रेमध्ये तिचा चिखलच होणार. दुसरा घटक जाड वाळू. तापी-गिरणेची वाळू चाळल्यावर वर उरणारे खडेच घ्यायचे. त्यातल्या पांढऱ्या खड्यांवर लिंबू पिळा. फेस आला तर ती चुनखडी, वेचून टाका. बोअरचं पाणी जड असेल तर त्यात चुनखडीची भर नकोच. नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

आता चाळणी. ६ मिमीच्या चाळणीतून पडेल आणि ३ मिमीच्या चाळणीवर राहील तेवढंच ठेवा, मग धुवा. काम कंटाळवाणं आहे, पण खाली पडलेली भुकटी मिसळली तर सगळ्या पोकळ्या बुजतात आणि केलेली मेहनत वाया जाते.

३० × २० × ७ सेंमीच्या ट्रेला विटांचे तुकडे २ लिटर, वाळूचे खडे १ लिटर, धुऊन पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अर्धा लिटर आणि पूर्ण कुजलेलं, चाळलेलं शेणखत अर्धा लिटर पुरतं. हे वड, उंबर, पिंपळासाठी. जेड आणि अडेनियम ही पाणी साठवणारी झाडं, त्यांना कोकोपीट वगळा, त्याजागी खडे वाढवा.

भरल्यावर पाणी ओता. काही सेकंदांत ते खालून वाहायला हवं. वर तळं साचलं तर भुकटी राहिली आहे, पुन्हा चाळा.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर गेला की ट्रेला दोनदा पाणी लागतं. तेव्हा मूठभर काळी माती घालायचा मोह होतो. त्यापेक्षा पुढच्या वेळी खडे कमी करून विटांचे तुकडे वाढवा. ते पाणी शोषून धरतात, तरी हवा खेळती राहते. तोवर दुपारची सावली द्या. वड-उंबराची माती बदलायची तर पावसाळ्याच्या सुरुवातीला.