कोल्हापुरात नवीन आलात? मशीनच्या फेसाचं गणित आधी समजून घ्या

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरीला येणाऱ्यांच्या सामानात आता वॉशिंग मशीन असतंच. आधीच्या गावी ते वर्षानुवर्षं सुरळीत चाललेलं असतं. इथे आलं की फेस मावत नाही, स्पिन अडकते, पाऊण तासाची धुलाई दीड तासावर जाते. बाहेरून येऊन इथे रुळलेल्या आम्हा मंडळींकडे ही तक्रार घरभाड्याच्या चौकशीइतकीच नेमाने येते. बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असतं, बदललेलं असतं ते पाणी.

शहरातलं नळाचं पाणी पंचगंगेचं, आणि 2023 पासून थेट पाइपलाइनने काळम्मावाडी धरणाचंही. नदी-धरणाच्या अशा पाण्यात क्षार कमी असतात, त्यामुळे थोड्या पावडरीतही फेस भरपूर होतो. उलट बोअरचं पाणी कातळातून झिरपत येतं आणि क्षार घेऊन येतं. उपनगरातल्या बऱ्याच सोसायट्यांत दोन्ही पाणी एकाच टाकीत पडतं, म्हणून आजचं माप उद्या चालेलच असं नाही. ओळखायची सोपी रीत अशी: बाटली अर्धी भरून त्यात अंगाच्या साबणाचा छोटा कीस टाका आणि जोरात हलवा. फेस टिकला तर पाणी हलकं. पांढुरकी साय धरली आणि फेस लगेच बसला तर जड. ही परीक्षा कपड्यांच्या पावडरीने करू नका, ती जड पाण्यातही फेस देते.

मशीनला स्वतःला फेस दिसत नाही, त्याचे परिणाम तेवढे कळतात. टबच्या तळाशी हवेची एक छोटी कुपी असते आणि तिच्यातून बारीक नळी वर प्रेशर सेन्सरपर्यंत जाते. पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते, त्यावरून मशीनच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला पातळी समजते. ड्रेन पंप चालू असूनही ठरल्या वेळात हा दाब उतरला नाही, तर काहीतरी अडलंय हे बोर्ड ओळखतं. फेस म्हणजे मुख्यतः हवाच. पंपाचा पंखा तिच्यात नुसता घुरघुरत फिरतो, पाणी उचलत नाही.

दुसरी खूण मोटरची. आतला ड्रम आणि बाहेरचा टब यांच्यामधल्या फटीत फेस भरला की तो ब्रेक लावल्यासारखा ड्रमला धरून ठेवतो. तोच वेग गाठायला मोटरला जास्त करंट लागतो आणि इन्व्हर्टर मशीनचं बोर्ड तो सतत मोजत असतं. मग ते स्पिन सोडून देतं, फेस बसायला थांबतं, पाणी काढतं, पुन्हा गार पाणी घेऊन खळबळतं. सॅमसंगच्या काही मशिनांवर अशा वेळी ‘एसयूडी’ उमटतं. अनेक मशिनांत कोड येतच नाही, उरलेली मिनिटं मात्र जागची हलत नाहीत. काही महागड्या मॉडेलांत पाण्यातून प्रकाश पाठवून गढूळपणा मोजणारा सेन्सर असतो आणि खळबळणं वाढवायचं का, हे तो ठरवतो. फाउंड्रीच्या वाळूने किंवा तालमीच्या तांबड्या मातीने भरलेले कपडे तसेच टाकले, की पाणी गढूळ दिसून तिथेही वेळ वाढते. इचलकरंजीच्या नव्या कापडाची कांजीही तेच करते. वाळू तर शेवटी पंपाच्या फिल्टरमध्ये जाऊन बसते. आधी झटका, ब्रश मारा, मग मशीनमध्ये घाला.

खरा घोटाळा दोन खळबळण्यांच्या मधल्या स्पिनचा आहे. समजा, कपड्यांत साबणाचं 10 लिटर पाणी उरलं आणि मशीनने 15 लिटर नवं घेतलं, तर साबणाची तीव्रता 40 टक्क्यांवर येते. तीनदा असं झालं की साधारण साडेसहा टक्के उरते. पण मधल्या स्पिनने तेच पाणी 4 लिटरपर्यंत पिळून काढलं, तर प्रत्येक वेळी 21 टक्केच मागे राहते आणि तिसऱ्या खेपेला ती एक टक्क्याच्याही खाली जाते. पाणी तेवढंच, फरक पिळण्याचा. म्हणून फेसामुळे स्पिन हुकली की ‘एक्स्ट्रा रिन्स’ची बटणं दाबून फारसं साधत नाही. पावडर कमी करणं हाच इलाज.

फ्रंट लोडला फ्रंट लोडचीच मॅटिक पावडर किंवा लिक्विड घ्या. त्यात फेस दाबणारे घटक असतात, हातधुलाईच्या पावडरीत ते नसतात. हलकं पाणी आणि बेताचा मळ असेल तर पाकिटावरच्या मापाच्या निम्म्यापासून सुरुवात करा. कॉलर-बाह्या निघाल्या नाहीत तरच वाढवा. तांबड्या रश्श्याचा तेलकट डाग पडला असेल तर तेवढ्यावरच लिक्विड चोळा, त्या एका डागासाठी ड्रममध्ये जादा पावडर ओतू नका. काळ्या कपड्यांवर पांढरी भुकटी दिसली तर ती दर वेळी जास्तीच्या साबणाचीच असते असं नाही. जड पाण्यातल्या चुन्याचा आणि पावडरीतल्या सोड्याचा साकाही तसाच दिसतो. तिथे लिक्विड बरं.

फेस दाराच्या काचेवर चढलाच, तर अर्ध्या लिटर पाण्यात एक मोठा चमचा फॅब्रिक कंडिशनर मिसळून मुख्य धुलाईच्या कप्प्यात ओता. कंडिशनर साबणाला निष्प्रभ करतं आणि फेस पडतो. खेळाचे, पावसाळी किंवा पिसं भरलेले कपडे असतील तर मात्र हे नको. त्यापेक्षा ड्रेन करा, थोडं थांबा आणि पावडर न घालता नुसतं खळबळून स्पिन घ्या.

दोष फेसावर जातो, पण कारण वेगळंच निघतं, असंही होतं. फ्रंट लोडची ड्रेन नळी न्हाणीच्या जमिनीवर सोडलेली असली, तर भरलेलं पाणी आपोआप ओढून बाहेर जातं. मशीन भरत राहतं, खळबळणं संपतच नाही. नळीचा वाक साधारण 60 ते 100 सेंटिमीटर उंचीवर हवा, नेमका आकडा मॅन्युअलात बघा. बऱ्याच टॉप लोडमध्ये पाणी उताराने जातं, तिथे नळी खालीच ठेवायची. नळी बसवणाऱ्या माणसाला हा फरक माहीत असतोच असं गृहीत धरू नका.

सर्वांत वरच्या मजल्यावर घर घेतलं असेल, तर पाण्याचा दाबही तपासा. पुष्कळ फ्रंट लोडना किमान 0.3 ते 0.5 बार लागतो. नळाच्या वर 10 मीटर उंचीवरची टाकी सुमारे 1 बार देते, म्हणजे डोक्यावर दोन मीटरवर असलेली टाकी जेमतेम 0.2. भरायलाच वेळ लागला की एरर येते, आणि सर्व्हिसवाला व्हॉल्व्ह बदलायला सांगतो. आधी टाकीची उंची मोजा, छोटा बूस्टर पंप कदाचित पुरेल.

पावसाळ्यात पाणी गढूळ येतं. 2019 आणि 2021 सारखा पूर आला, तर उपसा केंद्रंच बुडतात आणि टँकरवर भागवावं लागतं. अशा दिवसांत नळ बंद करून मशीनमागची इनलेट नळी सोडवा, व्हॉल्व्हच्या तोंडाची बारीक जाळी पकडीने हळूच ओढून काढा, जुन्या टूथब्रशने धुवा आणि वॉशर नीट बसवून परत घट्ट करा.