कॅथलिक शाळेत प्रवेश: अर्ज भरण्याआधी काय तपासावं

पहिलं काम म्हणजे शाळा चालवतं कोण हे शोधणं. पाटीवर ‘सेंट’ किंवा ‘कॉन्व्हेंट’ असलं की शाळा कॅथलिकच, असं नाही. पुण्याची बिशप्स शाळा अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतली आहे, आणि नुसतं ‘कॉन्व्हेंट’ नाव लावलेल्या खासगी शाळा तर गल्लोगल्ली सापडतील. खरी कॅथलिक शाळा धर्मप्रांताची, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतली असते किंवा जेझुइट धर्मगुरूंसारख्या एखाद्या संघाची. वसईत अशा मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळाही आहेत. तिथलं शुल्क खासगी इंग्रजी शाळेशी ताडू नका.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांच्या यादीत ही शाळा शोधत बसू नका. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये कॅथलिक शाळांसारख्या अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नाही असं ठरवलं. त्या निकालाचा फेरविचार व्हावा, असं २०२५ मध्ये न्यायालयाच्याच एका खंडपीठानं सुचवलंय, पण आजचा नियम तोच. म्हणून अर्ज थेट शाळेतच करायचा.

कॅथलिक मुलांना साधारणपणे प्राधान्य मिळतं. त्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखला आणि आपल्या धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या फादरांचं पत्र मागतात. घोळ होतो तो इथेच. घर बदललेलं असतं, पण नव्या चर्चमध्ये कुटुंबाची नोंदच नसते, आणि ओळख नसलेल्या कुटुंबाला फादर पत्र तरी कसं देणार? नोंद काही महिने आधी करून ठेवा. बाप्तिस्म्याचा दाखला असला तरी पालिकेचा जन्मदाखला लागतोच. दोन्हींवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय ना, हे बघा. एकावर ‘डिसोझा’ आणि दुसऱ्यावर ‘डिसुझा’ असेल तर आधी दुरुस्ती करून घ्या.

वयासाठी राज्यात ३१ डिसेंबर ही तारीख धरतात: नर्सरीला ३ वर्षं पूर्ण, पहिलीला ६.

इतर धर्मीय पालकांची नेहमीची शंका धर्मशिक्षणाची. बऱ्याच शाळांत कॅथलिक मुलं ठरलेल्या तासाला धर्मशिक्षणाला जातात आणि बाकीच्यांना तेव्हा मूल्यशिक्षण असतं. शाळा मान्यताप्राप्त किंवा अनुदानित असेल, तर घटनेच्या कलम २८(३) प्रमाणे पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. नको असेल तर प्रवेशाच्या वेळीच लेखी कळवा. सकाळच्या प्रार्थनेची पद्धतही तेव्हाच विचारा. तक्रारी बहुधा तिच्यावरूनच होतात.

देणगी मागितली तर? प्रवेशाच्या बदल्यात पैसे घेण्यावर महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्यानं बंदी आहे. शुल्क परवडत नसेल तर सवलतीचा अर्ज उत्पन्नाच्या दाखल्यासह मुख्याध्यापकांकडे आधीच द्या. वर्ष सुरू झाल्यावर त्यांचे हात बांधलेले असतात. चर्चची सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थाही गरजू कुटुंबांना मदत करते, तिथेही विचारून बघा.